खान्देशचा काळा दगड गावाबाहेर का गेला नाही

तुमचा मुलगा स्कॉटलंडात ॲबर्डीनला आहे. तिथल्या करड्या, पाऊस पडून गेला की चमकणाऱ्या इमारतींचे फोटो तो पाठवतो. ते बघून तुम्ही विचारलंय की आपल्याकडे डोंगरच्या डोंगर दगडाचे असताना खान्देशात असा धंदा का उभा राहिला नाही. आपला दगड हलका, की आपले कारागीर? शिवाय पारोळ्याकडच्या तुमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीचे दगड सुटायला लागलेत आणि गवंडी म्हणतो सिमेंट भरू, तेही विचारलंय. विहिरीचं शेवटी सांगतो, कारण आधीचं समजलं तर ते पटकन कळेल.

आमचे आजोबा पाथरवट. वडील खाणीवर मुकादम होते. मी पहिली वीस वर्षं खाणीवर काढली आणि त्यानंतर जुन्या विहिरी, बंधारे, देवळांचे ओटे दुरुस्त करण्यात. तेव्हा पहिलं उत्तर सरळ देतो: दगड हलका नाही, हातही हलके नव्हते. अडचण गाडीची होती.

हिशोब करून बघा. आपला काळा दगड घनफुटाला 80 ते 85 किलो भरतो. ग्रॅनाइट जरा कमी, 75 च्या आसपास. म्हणजे देवळाच्या पायरीचा चार फूट लांब, फूटभर रुंद-जाड एक दगड सव्वातीनशे किलोच्या वर गेला. कच्च्या रस्त्यावर बैलजोडीने असे तीन दगड ओढले तरी खूप झालं. आणि भरल्या गाडीने दिवसाला चार-पाच कोस. घडणावळीपेक्षा वाहतूक महाग पडायला फार लांब जावं लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या गावातच जमाखर्च उलटा होतो.

आता ॲबर्डीन बघा. तिथली रुबिस्लॉची खाण 1740 च्या सुमारास सुरू झाली आणि 1971 ला बंद पडली, तोवर ती जवळजवळ 140 मीटर खोल गेली होती. पण बंदर जवळच. दगड गाडीवरून उतरला की जहाजात, आणि जहाजातून थेट लंडनच्या रस्त्यांवर. जगात ग्रॅनाइटच्या नामांकित खाणी किनाऱ्याला का दिसतात, तर ग्रॅनाइट काही फक्त किनाऱ्यालाच होत नाही, पण त्या काळी विकायला परवडायचा तो किनाऱ्यालाच. अमेरिकेत बोस्टनजवळ क्विन्सीला तर 1826 साली खाणीसाठी घोड्यांनी ओढायची रेल्वे टाकली. लांबी किती? तीनेक मैल. खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत. दगडाला पाण्यापर्यंत पोचवायचं, पुढचं पाणी बघून घेतं, एवढाच त्या रुळांचा उद्देश. आपल्या मुंबईतही तेच झालं. फोर्टातल्या इंग्रजी इमारतींना पोरबंदरचा दगड काठेवाडाहून समुद्रमार्गे आला. सह्याद्रीच्या पलीकडचा आपला दगड तिथे जायचं कारणच नव्हतं.

आपली तापी मोठी खरी, पण खान्देशात ती खोल दरडींमधून आणि खडकाळ उतारांवरून जाते. उन्हाळ्यात पोरं पायी ओलांडतात आणि पावसाळ्यात तिच्याजवळ जायची सोय नाही. भुसावळहून सुरतेला दगडाची होडी सोडावी अशी ती नदी नव्हे.

म्हणून खान्देशात दगड जिथला तिथेच राहिला, आणि त्याची गंमत गावं बघितली की कळते. धुळे, साक्री, नंदुरबार, पारोळा, चाळीसगाव या बाजूला खडक पायाखालीच आहे, तिथे गढ्या, विहिरी, बारवा, देवळं दगडाची. तापीच्या काठाने चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गेलात की काळी माती आणि तिच्याखाली नदीचा गाळ, काही ठिकाणी शेकडो फूट. तिथल्या विहिरी गाळातून खाली जातात, खडक लागतच नाही. तिथली घरं पांढऱ्या मातीची, वर धाबं म्हणजे सपाट छप्पर, धाब्यावर खारी माती.

यावलकडच्या अशा एका घराचा मी एकदा दगड मोजला होता. घर पाडत होते आणि मालकाला दगड विकायचा होता, म्हणून मला बोलावलं. सात खणांचं घर, सागाचे खांब. प्रत्येक खांबाखाली एक उथळा. दाराला एक उंबऱ्याचा दगड. न्हाणीत एक फरशी. एक उखळ जमिनीत पुरलेलं, एक पाटा-वरवंटा, एक घरोटा म्हणजे जातं, वर-खाली दोन दगडांचं. झालं. एवढ्या मोठ्या घरात बैलगाडीच्या दोन खेपांचा दगड. पण तो कसा होता? एकेक उथळा वरून घोटलेला, कडेला टाकीची म्हणजे छिन्नीची सरळ रेघ, खांबाची चूल म्हणजे खालचं घडवलेलं टोक बसायला मधोमध चौकोनी खाच. दुरून आणलेला दगड होता ना, कुणी तो वाया घालवला नव्हता. आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याच मापाचे उथळे ओबडधोबड सोडलेले दिसतात. मालकाला मी म्हटलं, विकू नका, नव्या घराच्या अंगणात लावा. त्याने विकले. असो.

आता दगडाची जात. ग्रॅनाइट आणि आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, दोन्ही तापलेल्या रसाचे. ग्रॅनाइटचा रस जमिनीत खोल, फार सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे कण डोळ्याला दिसतात. आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आला, पसरला आणि लवकर गार झाला. कण इतके बारीक की नुसता काळा दिसतो. कारागिराच्या दृष्टीने फरक निराळाच. ग्रॅनाइटला फुटायची दिशा असते. जाणता माणूस दगडाकडे बघून सांगतो की तो इकडून सरळ फाटेल आणि तिकडून त्रास देईल. म्हणून त्याचे वीस-वीस फुटांचे सरळ खांब निघतात. काळ्या दगडाला अशी दिशा नाही. मनमानी घण मारला तर शिंपल्यासारखी गोल कपची उडते. त्याला असतात त्या नैसर्गिक भेगा, आम्ही नस म्हणतो. दोन नसांमध्ये जेवढा दगड निरोगी, तेवढाच तुमचा. खाणीत दगड मोठा काढणं आपल्या हातात नसतं, तो मोठा आहे की नाही हे आधी ठरलेलं असतं.

धुळे-नंदुरबारकडे एक गोष्ट मात्र खास आहे. डोंगरावर चीनच्या भिंतीसारखी दगडाची सरळ ओळ चाललेली तुम्ही पाहिली असेल. ती भूगर्भातल्या भेगेत गोठलेल्या रसाची भिंत. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, ही उभी राहिली. अशा दोनशेच्या वर भिंती या भागात आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम, तापीला साधारण समांतर. साक्रीकडून धुळ्यावरून तुमच्या पारोळ्याकडे येणारी एक तर 70 किलोमीटरहून लांब आहे. या भिंतींचा दगड डोलेराइट, म्हणजे बेसाल्टसारखाच पण जरा जाड कणांचा. आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जो बसवलाय तो दक्षिणेतून आलेला दगडही बहुतेक वेळा डोलेराइट नाहीतर त्याचाच जाड कणांचा भाऊ असतो, ग्रॅनाइट नसतोच. दुकानदाराचं नाव ते. लोक मला विचारतात, मग आपल्या भिंतीचे ओटे का नाही करत? करता आले असते तर आम्ही श्रीमंत असतो. आपल्या भिंती आडव्या भेगांनी विटांसारख्या तुकड्या-तुकड्यांत फुटलेल्या आहेत. त्यातून घडीव दगड सुरेख निघतो, पण आठ फुटी लादी मिळत नाही.

दगड फोडायचा कसा, हे लिहायचा मोह आवरत नाही. पुस्तकात सगळीकडे असतं की पूर्वी लाकडी पाचरी ठोकून त्यावर पाणी ओतायचे, लाकूड फुगायचं आणि दगड फुटायचा. मी बाभळीच्या वाळक्या पाचरी घालून आपल्या काळ्या दगडावर दोनदा करून पाहिलं. पाचरी फुगल्या, भोकातून वर आल्या, दगड तसाच. मऊ दगडावर होत असेल. आमच्याकडे लोखंडी पाचर. फाडायच्या रेघेवर चार-चार बोटांवर टाकीने भोकं पाडायची, तीन-चार इंच खोल. भोकात दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या अर्धगोल पत्त्या आणि त्यांच्यामध्ये पाचर. मग सुतकीने म्हणजे जड हातोड्याने पहिल्या पाचरीवर एक घाव, दुसरीवर एक, असं शेवटच्या पाचरीपर्यंत, आणि पुन्हा पहिलीपासून. एकीवरच दोन घाव घातले तर रेघ सोडून दगड तिरपा जातो. प्रत्येक फेरीला आवाज चढत जातो. आधी बद्द, मग टणक, मग घंटेसारखा. आवाज चढायचा थांबला की हात थांबवायचा. मी पोरगा होतो, मला दम नसायचा, मी अजून एक फेरी मारायला जायचो. आजोबा बिडी पेटवून खाली बसायचे. "थांब रे भो, आते तो सोताच फाटी." आणि खरंच, बिडी संपायच्या आत 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा आणि केसासारखी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायची. ॲबर्डीनच्या खाणीतल्या माणसाकडेही पाचर आणि दोन पत्त्याच होत्या. या बाबतीत दर्या नि डोंगर सारखे.

टाकीचं पोलाद हा निम्मा धंदा. काळ्या दगडावर टाकी तासा-दोन तासांत बोथट होते. त्यामुळे प्रत्येक घडणाऱ्याकडे वीस-पंचवीस टाक्या, आणि संध्याकाळी सगळ्या खाणीवरच्या भट्टीत. टोक लाल करून ठोकून घ्यायचं, फक्त टोक पाण्यात बुडवायचं, आणि बाहेर काढून बघत राहायचं. मागची ऊब पुढे येते तसा रंग सरकतो, गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. गव्हाळ टोकाला पोचला की पूर्ण पाण्यात. जांभळा होऊ दिला तर टाकी वळते, घाई केली तर टवका उडतो. असाच एक टवका माझ्या डाव्या भुवईत अजून आहे. चष्मा घालायची पद्धत तेव्हा नव्हती, आता मी पोरांना चष्म्याशिवाय टाकी धरू देत नाही.

धुळीबद्दलही सांगतो. ग्रॅनाइटमध्ये गारेचं म्हणजे क्वार्ट्झचं प्रमाण मोठं, साधारण पाव भाग किंवा जास्त, आणि त्या धुळीने फुप्फुसं जातात. आपल्या बेसाल्टमध्ये मोकळी गार फार थोडी. त्यामुळे आमचे म्हातारे सत्तरीपर्यंत घडत राहिले. पण आज जो पोरगा ग्राइंडर लावून बंद शेडमध्ये ग्रॅनाइटचे ओटे कापतो, तो आजोबांपेक्षा वाईट हवेत काम करतो. पाणी सोडून कापा, मास्क घाला.

कारागिरांबद्दल तुम्ही विचारलं म्हणून. वाघळीचं देऊळ चाळीसगावपासून जवळ आहे. तिथल्या शिलालेखावर शके 991, म्हणजे इसवी सन 1069. आपण अशा सगळ्याच देवळांना हेमाडपंती म्हणतो, पण हेमाद्रीपंत तेराव्या शतकातले, यादवांचे. म्हणजे हे काम त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. बळसाण्याची देवळं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ, पाटणादेवीचं चंडिकेचं देऊळ, सगळीकडे एकच युक्ती: चुन्याशिवाय दगडावर दगड, एका दगडाची खाच दुसऱ्याच्या खुंट्यात. सांध्यात नख जात नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात एडिस्टनच्या खडकावर स्मीटन या इंजिनिअरने 1759 मध्ये दीपगृह पुरं केलं तेव्हा ग्रॅनाइटचे दगड एकमेकांत कबुतराच्या शेपटीसारखे अडकवले, लाटेने एकही सुटू नये म्हणून. वाचणारे त्याचं कौतुक करतात आणि करायलाच हवं, काम तसंच आहे. पण खुंट आणि खाच बघायला तेवढ्या लांब जायची गरज नाही.

लेण्यांविषयी थोडंच. अजिंठ्याचं 24 नंबरचं लेणं अर्धवट सोडलंय, म्हणून पाथरवटाला तेच सगळ्यात आवडतं. आधी समांतर गल्ल्या खोदायच्या, मधे दगडाची भिंत ठेवायची आणि मग ती भिंत पाडायची. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या की दगड सहज पडतो. जी लेणी पूर्ण झाली, त्यांत हे दिसत नाही. पाटणादेवीच्या मागच्या डोंगरातल्या पितळखोऱ्याला खडक खराब लागला होता, वरून पाणी झिरपायचं. त्या लोकांनी खडकातच आडोशाला नाल्या कोरून पाणी बाहेर काढलं. तिथल्या यक्षाच्या तळहातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास, आणि धंदा सोनाराचा. दगडात नाव ठेवून गेलेला माणूस सोनार निघावा, हे आम्हा पाथरवटांना अजून सलतं.

आपल्या दगडकामाचा खरा मान मी देवळांना नाही, पांझरा नदीच्या बंधाऱ्यांना देतो. फड पद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायचे, हे बंधारे तीन-चारशे वर्षांपासून पाणी वळवतात. नदीत खडक जिथे वर आलाय तिथेच बंधारा, म्हणून कित्येक ठिकाणी तो सरळ नसून खडकाच्या मागे-मागे वाकडा गेलेला. दगड पायाखालचा, चुना शेतातल्या चुनखडीचा, गाडीचा प्रश्नच मिटवून टाकलेला. इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 ला नोकरीला लागले, सुरुवातीच्याच काळात धुळ्याकडे होते आणि दातर्तीला पांझरेच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे न्यायचं काम त्यांनी केलं. पाणी वळवायचं शहाणपण त्या नदीवर त्यांच्या आधीही होतं, हे तिथले शेतकरी अभिमानाने सांगतात.

मग 1860 च्या दशकात रेल्वे आली. गाडीची अडचण सुटली. पण तोवर जगाला घडीव दगड कमी आणि खडी जास्त लागू लागली होती. आपला दगड पहिल्यांदा गावाबाहेर गेला तो रुळांखालची खडी होऊन. आता क्रशर, ब्रासचा भाव, रॉयल्टीची पावती. एका ब्रासमध्ये 100 घनफूट, आणि त्यातल्या एकाही तुकड्याला कुणाचा हात लागलेला नसतो. परदेशात गेला तो एकच दगड, तोही आम्ही बिनकामाचा म्हणून फेकायचो. पोकळीत सापडणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या, गुलाबीसर चकाकत्या गारा. त्यांना अपोफायलाइट, स्टिलबाइट म्हणतात आणि जळगावच्या या गारा जगभरच्या संग्रहांत आहेत. वडील त्या घरी आणून तुळशीवृंदावनाभोवती लावायचे.

आता तुमची विहीर.

वरचा माती-मुरमाचा भाग बांधीव आणि खाली खडक उघडा, अशी ती असणार. दगड सुटतात ते सांध्यातला चुना गेल्याने कमी, आणि मागच्या मातीतलं पाणी अडल्याने जास्त. पावसात मागे पाणी साठतं, वाट मिळाली नाही की भिंतीला पोटात ढकलतं. सिमेंट भरलं तर नेमकी ती वाट बंद होते. दोन पावसाळे छान दिसेल, तिसऱ्याला दोन-चार थर एकदम आत येतील. मी अशा तीन विहिरी उपसल्या आहेत, त्यातल्या एकीचं सिमेंट माझ्याच हातचं होतं. तरुण होतो, मालकाला पक्कं काम हवं होतं, मी करून दिलं.

चुनाच वापरा. विरवलेला चुना किमान पंधरा दिवस भिजलेला, एक भाग, त्याला दोन ते अडीच भाग नदीची धारदार वाळू, विटांची सुरखी मिळाली तर थोडी, आणि चुना दळायची घाणी नसेल तर मिक्सरला नुसतं फिरवू नका, मोगरीने कुटून घ्या. धाव म्हणजे मोटेच्या बैलांची उतरण आणि थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडायची जागा शाबूत असेल तर त्याला हात लावू नका. मोटेच्या नाड्याने म्हणजे दोराने पडलेल्या खाचा दगडावर असतील, त्या घासून सपाट करायला गवंडी उत्सुक असतो, त्याला आधीच सांगून ठेवा. सांध्यातल्या पिंपळाचं मूळ ओढून काढायचं नाही, कापून त्यात चुनकळी भरायची. सुटलेले दगड काढण्याआधी प्रत्येकावर चुन्याच्या निवळीने आकडा घाला, थर आणि जागा, म्हणजे 'तिसरा थर, सातवा'. मागे डबर आणि खडी भरा, माती नको. दर चार-पाच फुटांवर एक लांब दगड आडवा मागपर्यंत जाऊ द्या, आणि तळाच्या थरात हाताएवढ्या मोकळ्या फटी ठेवा.

एखादा दगड फुटलाच असेल तर नवा विकत आणू नका. पारोळ्याच्या आसपास पडक्या बांधांवर तुमच्याच विहिरीच्या जातीचा दगड मिळेल. सुतकीने ठोकून बघा, खणखणीत वाजला तर उचला, बद्द वाजला तर तिथेच राहू द्या. काम होळीनंतर सुरू करा, पाणी खाली गेलेलं असतं, आणि मृग लागायच्या आधी किमान महिनाभर चुन्याला ओली गोणपाटं टाकून ठेवा.